अंत्यविधीची पूर्वतयारी आणि ग्राहक म्हणून आपले हक्क : ही जबाबदारी प्रथमच घेणाऱ्यांसाठी

वडील गेले तेव्हा स्मशानभूमीजवळच्या वखारीतून लाकडे आणण्याचे काम माझ्या मावसभावाकडे आले. वखारवाल्याने लाकडांच्या ढिगाकडे हात करून साडेतीन क्विंटलचा आकडा सांगितला. मावसभावाने शांतपणे ती लाकडे काट्यावर घ्यायला लावली, तेव्हा काट्याने अडीच क्विंटलही दाखवले नाही. वखारवाल्याने काही न बोलता उरलेली लाकडे चढवली. आमच्याबरोबर आलेले एक वडीलधारे नातेवाईक मात्र अस्वस्थ झाले आणि म्हणाले, ‘अरे, अशा वेळी मोजमाप करू नये.’ त्यांचा हेतू चांगला होता, पण याच समजुतीमुळे ज्या घरांत दुसऱ्या दिवशीच्या खर्चाची चिंता असते, त्या घरांनाही नको तितका भुर्दंड सोसावा लागतो. भाव विचारणे, वजन करून घेणे आणि पावती मागणे यांत गेलेल्या माणसाचा कोणताही अपमान नाही. तो ज्यांच्यासाठी आयुष्यभर राबला, त्यांचेच पैसे आपण त्या क्षणी सांभाळत असतो.

हा लेख महाराष्ट्रातील शहरांत आणि निमशहरी भागांत राहणाऱ्या, विशेषतः दहनाची परंपरा असलेल्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. दफन करणाऱ्या कुटुंबांनाही डॉक्टरांचे प्रमाणपत्र, रुग्णालय, शववाहिका, नोंदणी आणि तक्रार यांविषयीची माहिती तशीच लागू पडते.

माणूस हयात असताना करण्याच्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे बोलणे, आणि तीच सर्वांत अवघड जाते. आई-वडिलांशी हा विषय काढायचा तर मृत्यूपासून सुरुवात न करता कागदपत्रांपासून करावी. माझ्या आईने एका दुपारी वहीचे एक पान फाडून त्यावर स्वतःच्या हाताने सात-आठ ओळी लिहिल्या : विद्युतदाहिनीत न्यावे, सरण रचू नये, कोणाची वाट पाहत रात्रभर ठेवू नये, नेत्रदान करावे, दहावा घरच्या घरी साधेपणाने करावा आणि जेवणावळीचे पैसे अमुक शाळेला द्यावेत. त्या पानामुळे पुढे भावंडांत एका शब्दाचाही वाद झाला नाही. असे पान मृत्युपत्रात गुंडाळून ठेवू नये, कारण मृत्युपत्र बहुतेक घरांत तेराव्यानंतरच उघडले जाते आणि तोपर्यंत त्यातील सूचनांचा उपयोग संपलेला असतो. ते वेगळे ठेवावे आणि त्याचा फोटो घरातील किमान दोघांच्या मोबाइलमध्ये असावा.

नेत्रदान किंवा देहदान करायचे असेल, तर नुसता अर्ज भरून भागत नाही. मृत्यूनंतर प्रत्यक्ष फोन करणारे आणि संमती देणारे नातेवाईकच असतात, म्हणून त्यांना ती इच्छा मनापासून पटलेली असणे आवश्यक असते. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. नेत्रपेढीचे लोक येईपर्यंत पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा. देहदान वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे होते. शवविच्छेदन झालेला किंवा पोलीस प्रकरणातील देह तेथे सामान्यतः स्वीकारत नाहीत, त्यामुळे देहदान शक्य न झाल्यास काय करायचे, हेही त्याच पानावर लिहून ठेवावे.

अखेरच्या आजारात कृत्रिम उपचार किती काळ चालू ठेवावेत, याविषयीही लेखी इच्छा नोंदवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते.

यानंतर पैशाचा विचार करावा. खातेदार गेल्यावर त्याचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढणे, मग ते त्याच्याच अंत्यविधीसाठी का असेना, योग्य नाही आणि पुढे वारसांत तेच भांडणाचे कारण ठरते. त्याऐवजी पती-पत्नीचे किंवा एखाद्या मुला-मुलीबरोबरचे संयुक्त खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचे, म्हणजे दोघांपैकी कोणीही एक किंवा मागे राहिलेला व्यवहार करू शकेल असे करून त्यात या खर्चापुरती रक्कम ठेवावी. नामनिर्देशन सर्वत्र केलेले असावे. बँक खात्यासाठी १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. मात्र नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, म्हणजे ती त्या पैशांची मालक होते असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही हेच स्पष्ट केले, त्यामुळे मृत्युपत्राची गरज कायम राहते.

काही शहरांत आता अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणाऱ्या खासगी संस्था आहेत आणि त्यांतील काही आधीच पैसे भरून घेण्याच्या योजनाही देतात. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांना आणि ज्यांची मुले परदेशात आहेत त्यांना त्यांचा खरोखर आधार वाटतो, आणि तो वाटणे मला चुकीचे वाटत नाही. परंतु ब्रिटनमध्ये अशा योजना २९ जुलै २०२२ पासून तेथील वित्तीय नियामकाच्या अखत्यारीत आल्या आहेत, तसा स्वतंत्र नियामक आपल्याकडे या योजनांसाठी नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मिळवाव्यात : भरलेली रक्कम कोठे ठेवली जाते, विचार बदलल्यास ती किती आणि कधी परत मिळते, दुसऱ्या गावी मृत्यू झाल्यास काय होते, दर वाढल्यास फरक कोणी भरायचा आणि संस्था बंद पडल्यास काय. यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर तोंडीच मिळत असेल, तर तीच रक्कम संयुक्त मुदत ठेवीत ठेवलेली बरी.

घरी मृत्यू झाल्यास : डॉक्टरांचे प्रमाणपत्र

सर्वांत जास्त धावपळ येथेच होते. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र असल्याशिवाय महापालिकेचा अंत्यविधीचा पास मिळत नाही आणि पासाशिवाय स्मशानभूमीत नोंद होत नाही. रुग्णालयातील मृत्यूसाठी हे प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये, तर घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ मध्ये दिले जाते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी उपचार केले, त्यांनी हे प्रमाणपत्र कोणतेही शुल्क न घेता द्यायचे असते. घरी येऊन तपासण्याची फी ही वेगळी बाब आहे आणि ती देण्यात काही गैर नाही, परंतु केवळ ‘सर्टिफिकेटचे’ म्हणून वेगळे पैसे मागितले गेल्यास तसे मागता येत नाहीत, हे नम्रपणे सांगावे.

अडचण वेगळीच असते. ज्या डॉक्टरांनी रुग्णाला कधी पाहिलेलेच नाही, ते मृत्यूचे कारण लिहून देण्यास नकार देतात आणि तो नकार योग्यच असतो. मग मृतदेह सरकारी रुग्णालयात न्यावा लागतो, कारण कळत नसेल तर पोलिसांना कळवावे लागते आणि प्रसंगी शवविच्छेदनही होते. नव्वदीच्या आजोबांच्या शांत मृत्यूनंतर घरच्यांना अख्खा दिवस शवागाराबाहेर काढावा लागतो, तो बहुतेक वेळा यामुळेच. यावर उपाय साधा आहे. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, तर जवळच्या एका डॉक्टरांना ठरावीक काळाने घरी बोलावत राहावे, त्यांनी लिहिलेले कागद एका जागी ठेवावेत आणि रात्री-अपरात्री बोलावल्यास ते येतील का, नाहीतर कोण येईल, हे त्यांना आधीच विचारून ठेवावे.

मृत्यू अपघाती, संशयास्पद किंवा अचानक असेल, तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन टाळता येत नाही. ‘ओळखीने’ ते टाळून देतो असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे, कारण विम्याचा दावा पुढे याच कागदांवर उभा राहतो.

प्रमाणपत्र हातात आल्यावर तेथेच उभे राहून नाव वाचावे. आधार कार्डावर जसे नाव आहे तसेच, अक्षर न् अक्षर जुळणारे हवे. आमच्या नात्यातील एका आजींचे नाव रुग्णालयाच्या केसपेपरवर माहेरचे पडले होते आणि घाईत कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे निवृत्तिवेतन, बँक आणि सात-बाऱ्यावरील वारसनोंद या तिन्ही ठिकाणी तेच एक नाव आडवे आले. दुरुस्तीला कित्येक महिने गेले, आणि त्या दिवशी ते नाव वाचायला दोन मिनिटे पुरली असती.

रुग्णालयातून देह ताब्यात घेताना

बिल थकले आहे किंवा बिलावर वाद आहे, म्हणून रुग्णालयाने मृतदेह अडवून ठेवू नये, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत स्पष्ट आहे. थकलेली रक्कम वसूल करण्याचे कायदेशीर मार्ग रुग्णालयाकडे असतात आणि देह अडवणे हा त्यांपैकी मार्ग नाही. सन्मानाने जगण्याच्या हक्कात मृत्यूनंतरचा सन्मानही येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटले आहे. प्रत्यक्षात बिलिंगच्या खिडकीवर अडवणूक झाली, तर तेथील कर्मचाऱ्याशी वाद घालून उपयोग नसतो, कारण तो निर्णय त्याच्या हातात नसतो. वैद्यकीय अधीक्षकांना भेटण्याची मागणी करावी, देह न देण्याचे कारण लेखी मागावे आणि तरीही ऐकले नाही, तर पोलिसांना व स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावे. लेखी कारणाची मागणी केली की अनेकदा प्रश्न तेथेच सुटतो.

कॅशलेस आरोग्य विमा असेल तर आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार उपचारांदरम्यान रुग्ण दगावल्यास विमा कंपनीने दाव्यावर त्वरित कार्यवाही करून देह रुग्णालयातून ताबडतोब मिळेल, असे पाहायचे असते. त्यामुळे ‘इन्शुरन्सचे अप्रूव्हल आलेले नाही, थांबा’ असे सांगितले गेल्यास स्वतः विमा कंपनीला फोन लावून मृत्यू झाल्याचे स्पष्ट सांगावे. कंपनीपर्यंत बऱ्याचदा नेहमीच्या डिस्चार्जचीच विनंती पोचलेली असते.

बिल तपशीलवार मागावे. हृदयात पेसमेकर असल्यास तो काढून घेतल्याची खात्री याच वेळी करावी, कारण दहनाच्या उष्णतेत त्याची बॅटरी फुटते आणि दाहिनीजवळ काम करणाऱ्या माणसाला इजा होऊ शकते.

दोन माणसे नेमावीत

घरात किती माणसे आहेत हे महत्त्वाचे नसते, कोणी काय करायचे हे ठरलेले असणे महत्त्वाचे असते. अग्नी देणाऱ्याकडे किंवा मृताच्या पत्नी-पतीकडे कोणताही व्यवहार सोपवू नये. शेजारी, भाचा, जावई, मित्र अशांपैकी दोघे नेमावेत. एकाने फोन आणि कागद सांभाळावेत, दुसऱ्याने पैसे आणि पावत्या. पैसे सांभाळणाऱ्याजवळ एक पिशवी असावी आणि मिळालेला प्रत्येक चिटोरा त्याच पिशवीत जावा. आमच्याकडे ती कापडी, किराणा आणायची पिशवी होती आणि तिच्यात शेवटी हाराच्या पावतीपासून रुग्णालयाच्या बिलापर्यंत सगळे होते.

शववाहिका, साहित्य आणि सरण

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रुग्णांसाठी असते, मृतदेह नेण्यासाठी नाही. त्यासाठी शववाहिका लागते. अनेक महापालिकांच्या स्वतःच्या शववाहिका असतात आणि काही सेवाभावी मंडळेही नाममात्र दरात किंवा विनामूल्य गाडी देतात. आपल्या प्रभागातील असे दोन क्रमांक आजच लिहून ठेवावेत. खासगी गाडी ठरवताना एकूण रक्कम विचारावी आणि त्या रकमेत थांबण्याचे पैसे, चालकाचा भत्ता, परतीचे भाडे, टोल आणि शीतपेटी धरली आहे का, हे बोलून मोबाइलवर तसा संदेश पाठवायला सांगावे. रुग्णालयाच्या दारात उभी असलेली गाडीच घ्यावी, असे बंधन कोणी घालू शकत नाही.

आणखी एक मुद्दा फार थोड्यांना माहीत असतो. अंत्यसंस्कार, दफन, दहनभूमी आणि शवागार यांच्या सेवा, तसेच मृतदेहाची वाहतूक, या गोष्टी २०१७ च्या जीएसटी कायद्याने कराच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. शववाहिकेच्या किंवा अंत्यसंस्कार सेवेच्या बिलात जीएसटी लावलेला दिसला, तर तो काढायला सांगावा. दुकानातून घेतलेल्या वस्तूंचा हिशेब वेगळा असतो.

तिरडीचे बांबू आणि कामट्या, सुतळी, पांढरे कापड, मडके, गोवऱ्या, कापूर, तूप, हार या साहित्याचा दुकानात बहुधा एकच ‘सेट’ मिळतो. तो घ्यायला हरकत नाही, परंतु त्यात काय काय आहे हे उघडून पाहावे. विद्युतदाहिनीत किंवा गॅसदाहिनीत न्यायचे असेल, तर त्यांतील निम्म्या वस्तू लागतच नाहीत. तुपाच्या डब्यासारख्या बंद वस्तूंवर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. लाकडावर दहन करायचे असेल तर साधारण तीन ते चार क्विंटल लाकूड लागते, पावसाळ्यात ओल्या लाकडामुळे जास्तही लागते. पालिकेच्या स्मशानभूमीत दहनाचे आणि लाकडांचे अधिकृत दर काय आहेत, काही भाग विनामूल्य मिळतो का, हे तेथील कार्यालयात विचारावे आणि पावती पालिकेचीच घ्यावी. लाकूड काट्यावर मोजून घ्यावे. काट्यावर वैधमापन विभागाचा, म्हणजे वजने-मापे तपासणाऱ्या सरकारी विभागाचा शिक्का असला पाहिजे.

स्मशानातील कर्मचाऱ्यांविषयी मला आवर्जून काही सांगायचे आहे. रात्री-अपरात्री, पावसात आणि साथीच्या काळातही हे लोक अनोळखी माणसांचे देह जपून हाताळतात. त्यांना आपल्या खुशीने काही द्यावेसे वाटले तर जरूर द्यावे. मात्र दाहिनीत नंबर लवकर लावण्यासाठी किंवा अस्थी देण्यासाठी रक्कम ठरवून मागितली जात असेल, तर ती बक्षिसी राहत नाही आणि त्याबाबत पालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार करता येते.

गुरुजींच्या दक्षिणेबाबतही आधी बोलून घ्यावे. अंत्यविधी, अस्थिविसर्जन, दहावा ते तेरावा या सगळ्यांचे एकत्रित पॅकेज सांगितले जात असेल, तर त्यात साहित्य, जागेचे भाडे आणि शिधा येतो की नाही, हे विचारून एका कागदावर उतरवावे. बहुतेक गुरुजींना याचा राग येत नाही, उलट नंतरची कटुता टळल्याचे समाधानच वाटते.

नोंदणी आणि मृत्यूचा दाखला

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. रुग्णालयात मृत्यू झाला असल्यास कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची, घरी झाला असल्यास कुटुंबप्रमुखाची असते. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क लागते, त्यानंतर वर्षभरापर्यंत प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटल्यास जिल्हादंडाधिकाऱ्यांचा, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. नोंद मृत्यू जेथे झाला त्या ठिकाणच्या स्थानिक संस्थेत होते, राहत्या गावी नाही. साताऱ्याचा रुग्ण पुण्यातील रुग्णालयात दगावला, तर दाखला पुण्यातूनच मिळतो. माहिती देणाऱ्याला पहिली प्रत विनामूल्य मिळते. बँका, विमा, निवृत्तिवेतन, सोसायटीचे भागपत्र, वीजजोडणी आणि जमिनीच्या नोंदी यांसाठी आणखी आठ-दहा प्रती त्याच खेपेला शुल्क भरून घ्याव्यात.

काही कुटुंबांना हक्काची मदतही मिळू शकते. कर्मचारी राज्य विमा योजनेतील विमाधारकाच्या अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत खर्च मिळतो, राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेल्या बांधकाम कामगाराच्या अंत्यविधीसाठी १०,००० रुपये मिळतात आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षांचा कमावता माणूस गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपयांचे एकरकमी साहाय्य आहे. घरकाम करणाऱ्या ताईंना किंवा इमारतीच्या रखवालदाराला ही माहिती कोणी सांगत नाही, म्हणून ती आपण सांगावी.

परदेशात असताना

मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या आई-वडिलांपैकी कोणाचे निधन झाले, तर तेथील फ्युनरल होमशी, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या संस्थेशी गाठ पडते. तेथे १९८४ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमानुसार प्रत्येक सेवेचा वेगवेगळा दर लिहिलेली यादी मागताच हातात द्यावी लागते आणि दर फोनवरही सांगावे लागतात. अंत्यदर्शनाचा सोहळा न करता थेट दहन करायचे असेल तर महागडी शवपेटी घेण्याची सक्ती करता येत नाही. देह भारतात आणायचा असेल तर मृत्यूचा दाखला, देह रसायनाने टिकवल्याचे प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि भारतीय दूतावासाचे ना-हरकत पत्र लागते, म्हणून सर्वांत आधी दूतावासाला कळवावे.

फसवणूक झाली असे वाटल्यास

पैसे देऊन घेतलेली शववाहिका, शीतपेटी, खासगी संस्थेची अंत्यविधी सेवा, रुग्णालयाची सेवा या सगळ्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात. पूर्णपणे विनामूल्य मिळालेली सेवा मात्र त्यात येत नाही, तिच्यासाठी पालिकेकडेच दाद मागावी. बिल किंवा पावती न देणे हीदेखील या कायद्याने अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे. प्रथम सेवा देणाऱ्याला लेखी कळवावे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही, तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते, तक्रार ऑनलाइनही दाखल होते, वकील सक्तीचा नाही आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही लागत नाही.

तेरा दिवस कोणालाच हे सुचत नाही, आणि सुचू नयेच. कायद्याने यासाठी दोन वर्षांची मुदत दिलेली आहे, तेव्हा पावत्यांची ती पिशवी वर्षश्राद्धाच्या आवराआवरीत टाकून न देता दुसरे वर्ष संपेपर्यंत कपाटात जपून ठेवावी.